महापौरांच्या चेहऱ्यामागचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे, आणि मी रागावलेलो आहे. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तूने हळू आवाजात, गळा दाटून बोलावे अशी रीत आहे. फुटकी छत्री तशी बोलते, अडगळीतला पंखा तसा बोलतो. मला ते जमणार नाही. माझा एक हूक तुटला होता, तो कोणी जोडला नाही, आणि त्याचे खापर एका चांगल्या मुलीच्या डोक्यावर फुटले. ते आठवले की अजून माझ्या नळ्या तापतात. तेव्हा बोलता बोलता आवाज चढला तर सांभाळून घ्या.

मिरवणुकीत गर्दी आवरायला पोलीस रस्त्याच्या कडेने जे हलते कठडे मांडतात, ज्यांना तुम्ही बॅरिकेड म्हणता, त्यांच्यातला मी एक. आमची सगळी ताकद दोन टोकांना असते. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला कडी. माझा हूक शेजाऱ्याच्या कडीत अडकतो, माझ्या कडीत पलीकडच्याचा हूक येतो आणि आमची साखळी होते. साखळी असली की माणसांची लाटच्या लाट अडते. एक हूक सुटला की आम्ही पायात येणारे नुसते लोखंड.

माझा जन्म कालुबिहानचा. आमच्या गावचा साखर कारखाना बंद पडला तेव्हा वाफेच्या जाड नळ्या भंगारात निघाल्या, आणि बंदराजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांचे कठडे झाले. असे लोखंड आता मिळत नाही. मला उचलायला दोन गडी लागत, आणि तेही मध्ये एकदा खाली ठेवून दम खात. मला त्याचा अभिमान होता. जो सहज उचलला जातो तो गर्दी काय अडवणार?

त्या वेळी महापौर होते लुसियो. आमच्याकडे महापौराने काहीही केले की त्यावर त्याचे नाव येते. बसथांब्याच्या छपरावर नाव, कचऱ्याच्या डब्यावर नाव, इतकेच काय, शववाहिकेवरही 'सदैव आपल्या सेवेत' असे लिहून खाली नाव. लुसियोंना रंगाने लिहिलेले नाव पसंत पडेना. रंग उडतो, म्हणाले. म्हणून त्यांनी लोखंडी सळ्या वाकवून आपल्या नावाची अक्षरे करून घेतली आणि प्रत्येक कठड्याच्या मधोमध वेल्डिंगने पक्की बसवली. वर हिरवा रंग दिला. हौस होती खरी, पण निदान हूक मजबूत होते.

माझी उमेदीची वर्षे फार छान गेली. एप्रिलच्या रखरखत्या उन्हात संत सान विसेंतेची जत्रा भरते, बेटाबेटांवरून होड्या भरभरून माणसे येतात. मूर्ती खांद्यावरून निघते आणि रस्ताभर रुमाल हलत असतात. मूर्तीला लावलेला रुमाल दुखऱ्या अंगावर फिरवला की आराम पडतो, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. त्यामुळे मूर्ती जवळ आली की प्रत्येकाला पुढे यायचे असते. तेव्हा माझ्यावर केवढा भार येई! तरी मी तसूभर हललो नाही. माझ्यावर पोरे बसली, ओले रुमाल वाळले, मेणबत्त्यांचे मेण गळले. एका वर्षी पाद्रींनी मिरवणुकीआधी आम्हा कठड्यांवरही पवित्र पाणी शिंपडले. "हे सुद्धा देवाचे स्वयंसेवक," असे ते म्हणाले. त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

माझी जागा घंटेच्या चौकात, चौथऱ्यावर मोठी घंटा आहे तिथल्या वळणावर. तिथेच जोव्हेलिन तुमुलाक भेटली. कोळ्याची मुलगी, नुकतीच पोलिसात भरती झालेली. पुढे हवालदार झाली, पण दर जत्रेला हट्टाने तीच जागा मागून घेई. ती लोकांवर काठी उगारत नसे. माझ्या टोकाशी उभी राहून रुमाल गोळा करी, मूर्ती आली की सगळे रुमाल तिला लावून आणी आणि ज्याचा त्याला परत देई. माझ्या अगदी पुढ्यात, रस्त्याच्या बाजूला, मेणबत्त्या विकायला इसिंग म्हातारी बसे. दोघींची दर जत्रेला जुंपायची.

"मानांग इसिंग, पाटी मागे घ्या. दरवर्षी सांगायचं का?" जोव्हेलिन म्हणे. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानांग, वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग आणि तरुण पोरीला दाय म्हणतात.

"तू जन्मायच्या आधीपासून बसतेय मी इथं, दाय. सान विसेंते माझ्या पाटीला ओळखतो. तुझ्या शिट्टीला नाही ओळखत."

"मग त्यालाच सांगा, येऊन उचलायला."

"त्याला कशाला त्रास? तू आहेस की."

आणि जोव्हेलिन हसत हसत पाटी उचलून हातभर मागे ठेवी. म्हातारी ती परत वीतभर पुढे सरकवी. हे असे वर्षानुवर्षे चालले.

मग निवडणूक झाली आणि लुसियोंना त्यांच्याच भाच्याने पाडले. भाच्याचे नाव रेनातो, पण सगळे त्याला नातोय म्हणत. नातोय महापौर झाला आणि गावाचा रंग बदलला. मी हे खरोखरीच्या रंगाबद्दल सांगतो आहे. सगळे हिरवे होते ते आठवडाभरात केशरी झाले. आमचा गंज कोणी घासला नाही, गंजावरच ब्रश फिरवला. रंगवून झाल्यावर आम्हाला ट्रकवरून फेकत फेकत उतरवले. मी कोपऱ्यावर पडलो आणि माझा हूक तुटला. मी किती जोरात वाजलो! रंगारी म्हणाला, "रंग नाही ना खरचटला?" हुकाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तो तुटका हूक घेऊन मी पुढच्या दोन जत्रा कशाबशा काढल्या. मला चौकातून उचलून शाळेच्या भिंतीशी, जिथे गर्दी फिरकत नाही तिथे ठेवत.

पुढे जत्रा फारच वाढली. परदेशातून पाहुणे येऊ लागले. तेव्हा राजधानीतून सरकारी अनुदान मंजूर झाले. जत्रेच्या पोलीस बंदोबस्तासाठी. त्यातून नवे कठडे घ्यायचे, पोलिसांना बोलायला नवी यंत्रे घ्यायची, बाहेरगावच्या पोलिसांना जेवण द्यायचे. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? मला वाटले, आता नवे गडी येतील, मला गोदामाच्या सावलीत पडून राहता येईल.

नवे कठडे आले नाहीत. आले ते पत्रे.

चकचकीत पत्रे, त्यांवर महापौर नातोयचा हसरा चेहरा आणि खाली 'आपली सुरक्षा, माझा शब्द'. मामाच्या नावाची लोखंडी अक्षरे कापायला वेळ लागला असता. म्हणून एक पत्रा पुढून, एक मागून, आणि मध्ये अक्षरे दडवून आरपार स्क्रू ठोकले. वरून पुन्हा केशरी हात मारला. पायावर नव्या मालाची चिठ्ठी चिकटवली. झाला नवा कठडा! कागदावर दुकानदाराकडून माल आला, तपासला गेला, गोदामात जमा झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण लोखंडाला कोण विचारतो? आणि मित्रांनो, खरा राग मला पत्र्यांचा आला नाही. लुसियोंचे नाव ज्यांनी वर्षानुवर्षे माझ्यावर वाचले, ज्यांनी त्या अक्षरांना रुमाल बांधले, ते सगळे गाव समोरून जात होते. सगळ्यांनी पाहिले. सगळ्यांना कळले. आणि सगळे मूग गिळून बसले.

त्या वर्षी, मी नवा झालो म्हणून, मला पुन्हा घंटेच्या चौकात आणले. जत्रेच्या सकाळी जोव्हेलिनने माझा हूक पाहिला. ती तडक सेलेस्तिनोंकडे गेली. सेलेस्तिनो म्हणजे पालिकेचे गोदाम सांभाळणारे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. मनाने वाईट नव्हते. भित्रे होते.

"मानोंग, हा हूक तुटलाय. बदलून द्या. वळणावर आहे हा."

"बदलून कुठला देऊ? हेच आहेत."

"नवे आलेत ना?"

सेलेस्तिनो माझ्यावरच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. "हेच नवे, दाय," ते हळूच म्हणाले. "तार घे. बांध घट्ट. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

जोव्हेलिनने दातओठ खाऊन तार गुंडाळली. वरिष्ठांना यंत्रावरून कळवायचे म्हटले तर ते यंत्रही खरखरत होते. तेही नवेच होते म्हणे! बाहेरगावाहून आलेल्या पोलिसांना दुपारी नारळाच्या पानातला मूठभर भात आणि अर्धे उकडलेले अंडे मिळाले. एक पोरगेला शिपाई म्हणाला, "उरलेलं अर्धं अंडं कोणी खाल्लं रे?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

मूर्ती वळणावर आली. तिने वळून पुढे जायचे होते. पण महापौरांना मूर्तीखाली खांदा दिलेला फोटो हवा होता, तोही मागे घंटा दिसेल असा. मिरवणूक थांबवली. पुढचे थांबले, मागच्यांना ते कळले नाही. मागचे येतच राहिले. रुमाल पुढे, हात पुढे, माणसांवर माणसे. जोव्हेलिन ओरडत होती, "मूर्ती पुढे न्या! पुढे न्या!" तिकडे फोटो चालला होता. मी तग धरला. खरेच सांगतो, जिवाच्या आकांताने धरला. पण लोखंड धरू शकते, तार नाही. तार तुटली, मी शेजाऱ्यापासून सुटलो आणि आडवा पडलो. इसिंग म्हातारीच्या पायावर. तिच्या हाडाचा आवाज मी ऐकला. माझ्यावर पडलेल्या माणसांना जोव्हेलिनने एकेक करून ओढून काढले, म्हणून जीव कोणाचा गेला नाही.

संध्याकाळीच महापौर रेडिओवर बोलले. "कठडे कोरे करकरीत होते. कोऱ्या कठड्याचा हूक तुटेलच कसा? ड्यूटीवरच्या हवालदारबाईंनी तो लावलाच नव्हता." ते इतके साळसूदपणे बोलले की मला क्षणभर वाटले, माझाच हूक शाबूत असेल.

जोव्हेलिनची वर्दी उतरवली गेली. चौकशी बसली. ती सांगत होती, हूक आधीच तुटलेला होता. तिला एकच उत्तर मिळे. माल नवा आहे, सही-शिक्के आहेत, म्हणजे तुम्ही खोटे बोलता. पाहिलेत? मी जोवर नवा होतो, तोवर ती खोटी होती. तिची नोकरी, तिचे नाव, सगळे माझ्या वयावर अडकले होते. आणि मला तोंड नव्हते. होते ते महापौरांचे, माझ्या पोटावर, हसणारे.

अनुदानाचा पैसा कसा खर्चला हे पाहायला काही आठवड्यांनी राजधानीतून लेखापरीक्षक आल्या. त्यांचे आडनाव बुलाओन. बुटक्या, चष्मा लावलेल्या, हातात काळी छत्री. महापौरांनी गोदामाच्या अंगणात मंडप टाकला होता, अख्खे भाजलेले डुक्कर मांडले होते, तांदळाचे गोड केक होते, आणि अर्थात फोटोवालाही होता. बुलाओनबाईंनी पिशवीतून आपला डबा काढला. भात आणि सुकी मासळी. कोपऱ्यातल्या पिंपावर बसून त्यांनी तो खाल्ला.

"मॅडम, हे काय? आमचा अपमान करताय," महापौर म्हणाले.

"ज्याचं तपासायचं त्याचं खायचं नाही, मेयर. पोटाला सवयच नाही," बाई म्हणाल्या.

आम्हाला धुऊनपुसून ओळीने उन्हात उभे केले होते. "मोजा, मॅडम," महापौर छाती काढून म्हणाले. "एक जरी कमी भरला तर माझं नाव बदला." बाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या, मोजले. बरोबर भरले. भरणारच! त्यांनी पेनचे टोपण लावले. मी आतून किंचाळत होतो. बाई, इतक्या लांबून आलात, न खाता-पिता उन्हात उभ्या राहिलात, ते चिठ्ठ्या वाचायला?

तेवढ्यात फाटकाबाहेरून हाक आली. पायाला प्लास्टर घातलेली इसिंग म्हातारी मेणबत्त्यांची पाटी मांडून बसली होती. तिच्या बाजूला साध्या कपड्यांत जोव्हेलिन उभी होती. तिला आत यायला मनाई होती.

"ओ मॅडम! भाच्याला भेटलात, मामाला भेटलात का?"

"कोण मामा?" बाईंनी विचारले.

"भाच्याच्या तोंडामागं लपलाय बघा. जरा तोंड बाजूला करा, दिसेल."

महापौर घाईघाईने हसले. "सोडा हो तिला. पायाला लागल्यापासून काहीबाही बडबडते."

"पाय कशानं मोडला, मानांग?"

"तुम्ही आत्ता नवा म्हणून मोजलात ना, त्यानंच. सगळं गाव गप्प आहे, मॅडम. मी पण होते. पाय मोडला तेव्हा तोंड उघडलं माझं."

बुलाओनबाई वळल्या आणि नेमक्या माझ्याकडे आल्या. त्यांनी मला बाजूला सरकवून पाहिले. मी ढिम्म हललो नाही.

"मेयर, तुम्ही मागवले होते ते एका माणसाला उचलता येतील असे. हा तर जागचा हलत नाही."

"मजबूत माल दिला त्यांनी, मॅडम."

"मागवल्यापेक्षा चांगला माल देणारा दुकानदार माझ्या नोकरीत मला अजून भेटला नाही. हा पत्रा काढा."

सेलेस्तिनो पुढे आले. "स्क्रूड्रायव्हर नाही, मॅडम. उद्या मागवून ठेवतो."

"काही हरकत नाही." बाईंनी छत्री महापौरांच्या हातात दिली. समोर फोटोवाला होता, त्यामुळे महापौरांनी ती हसून धरलीसुद्धा. बाई उकिडव्या बसल्या, पर्समधून पाच पेसोचे नाणे काढले आणि स्क्रूच्या खाचेत घालून फिरवू लागल्या. एक निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याने फार वेळ घेतला. चौथा गंजलेला होता, तो काही केल्या फिरेना.

"मॅडम, जेवण गार होतंय," महापौर म्हणाले.

बाईंनी आणखी जोर लावला. नाणे निसटून त्यांच्या बोटाला लागले. त्यांनी बोट चोखले आणि पुन्हा बसल्या. तेव्हा सेलेस्तिनोंनी आपल्या पँटच्या खिशात हात घातला आणि स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्यापुढे धरला.

"सापडला," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

पत्रा खाली पडला. महापौरांचा चेहरा धुळीत पालथा झाला आणि माझ्या पोटातली लोखंडी अक्षरे उन्हात उघडी पडली. लुसियो. त्यांच्या फटीत मेण होते, आणि कधीकाळी कोणी तरी बांधलेल्या रुमालाची चिंधीही होती.

मग फाटकाबाहेरून म्हातारी ओरडली, "मेयर, शब्दाचे पक्के हो तुम्ही! नाव बदललंत की!"

मंडपातले वाढपीसुद्धा हसू लागले. महापौर छत्री धरून तसेच उभे होते. जोव्हेलिन मात्र हसली नाही. फाटकाचे गज धरून ती एवढेच म्हणाली, "मॅडम, आता हूक बघा."

बाईंनी हूक पाहिला. तारेचे तुकडे अजून लटकत होते. जिथे तो मोडला होता तिथे आतपर्यंत गंज चढला होता, आणि त्या गंजावर केशरी रंग होता. "हा रंगवण्याआधीच तुटलाय," त्या म्हणाल्या. मग सेलेस्तिनोंकडे पाहून, "बरोबर?"

"बरोबर," सेलेस्तिनो म्हणाले. "मीच तार दिली होती हिला. तिनं हूक मागितला होता."

तुम्हाला वाटेल, झाले, सत्य जिंकले, आता या म्हाताऱ्या कठड्याचा राग निवळला असेल. ऐका पुढे. बुलाओनबाईंनी अहवालात सगळे लिहिले, पैसे परत करा असेही लिहिले. महापौरांनी वर दाद मागितली. वरच्यांनी खुलासा मागवला. खुलाशावर शेरा आला, शेऱ्यावर खुलासा गेला, आणि महापौर खुर्चीतच राहिले. जोव्हेलिनला वर्दी परत मिळाली. पण 'चुकले' असा शब्द तिला एकाही अधिकाऱ्याने ऐकवला नाही. तिचे कोळी वडील महिनोन्महिने बाजारात मान खाली घालून मासळी विकत होते, ते कोणी भरून दिले नाही.

आणि माझे काय झाले? जत्रेआधी एक माणूस आला. लुसियोंची अक्षरे कापून काढायला. त्याच्याकडे वेल्डिंगचे सगळे सामान होते. तो माझ्या पोटाशी बसून ठिणग्या उडवत होता आणि माझा तुटका हूक त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. मित्रांनो, हातभर! अक्षरे गेली. नवा पत्रा लागला. तोच चेहरा, खाली 'पैशाचा चोख हिशेब, माझा शब्द'. हुकाला नवी तार मिळाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव पुसायला यांच्याकडे आग होती, हूक जोडायला नव्हती.

जत्रेच्या दिवशी जोव्हेलिन चौकात आली. तिने तार पाहिली. ती ओरडली नाही, कोणाकडे गेलीही नाही. तिने माझ्या दोन्ही बाजूंना दोन दांडगे शिपाई उभे केले आणि त्यांना काही तरी सांगितले. इसिंग म्हातारीची पाटी या वेळी तिने उचलून पार घंटेच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवली, आणि म्हातारी या वेळी भांडली नाही. कुबडीवर उभी राहून बघत राहिली. मग जोव्हेलिनने तार सोडली आणि खिशात घातली.

मूर्तीच्या पुढे महापौर आले, फोटोवाला घेऊन. लेखापरीक्षणानंतर कठड्यांसोबत फोटो त्यांना हवाच होता. ते माझ्यापाशी थांबले.

"सर, इथं धरा," जोव्हेलिन कडक सलाम ठोकून म्हणाली. "हूक आणि कडी, एकेका हातात. छान येईल फोटो."

फोटोसाठी हा माणूस काहीही धरतो. त्याने माझा मोडका हूक एका हातात आणि शेजाऱ्याची कडी दुसऱ्या हातात धरली आणि हसला.

"आता सोडू नका, सर," जोव्हेलिन म्हणाली. आवाज साधाच होता, पण अख्ख्या चौकाला ऐकू गेला. "हूक तुटलेला आहे. तुम्ही सोडलंत तर साखळी सुटेल. मूर्ती पुढे जाईपर्यंत तुमचा शब्दच धरायचाय."

"हवालदार, हे काय..." महापौर म्हणाले, पण तेवढ्यात मूर्ती वळणावर आली आणि मागून भार आला. दरवर्षी माझ्यावर येतो तो. दरवर्षी ती एकटी झेलते तो. दोन्ही शिपाई मला धरून होते, मी पडणार नव्हतो. पण महापौरांना ते ठाऊक नव्हते. त्यांचे हात ताणले गेले, बोटे लोखंडात चेंगरली, केसांचे तेल कपाळावर ओघळले. त्यांच्या कानाशी रुमाल फडफडत होते, पाठीवर कोणाचे कोपर होते.

"घट्ट धरा हं, मेयर!" चौथऱ्यावरून म्हातारी ओरडली. "गेल्या साली तारेनं धरलं होतं, ती तुटली!"

"मूर्ती पुढे न्या!" महापौर किंचाळले. "पुढे न्या, थांबू नका, पुढे न्या!"

गेल्या वर्षी याच जागी जोव्हेलिन हेच ओरडत होती. तेव्हा कोणी ऐकले नव्हते. या वेळी मूर्ती लगेच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर आला. त्याने माझा हूक जोडला, आणि गोदामातल्या एकूणएक कठड्याचे हूक तपासून जोडले. त्यासाठी ना अनुदान लागले, ना अहवाल, ना खुलासा.

मित्रांनो, मला रंग नको, चेहरा नको, पवित्र पाणीही नको. पुढच्या वेळी जत्रेत माझ्यासारखा चकचकीत कठडा दिसला, तर त्यावरचे नाव वाचत बसू नका. टोकाशी जा, हूक हलवून पाहा. तो तुटलेला असेल तर गप्प बसू नका. ज्याचे नाव पत्र्यावर आहे त्याला हाक मारा आणि म्हणा, "या, धरा."